फुकटचं आपलं, तिकिटाचं त्यांचं

दरसाल डिसेंबर लागला की आसेगावातून माणसं दादरला निघतात. त्यांना कोणी बोलावत नाही, कोणी भाडं देत नाही. सोयाबीन निघालेलं असतं, तूर शेतात उभी असते, हरभरा पेरून झालेला असतो. यष्टीनं मंगरुळपीर, मग अकोला, तिथून रेल्वे. अकोल्याहून मुंबई सुमारे ५८० किलोमीटर. डब्यात पाय ठेवायला जागा नसते. आयाबाया संडासाच्या दाराशी गोधडी टाकून रात्र काढतात आणि सकाळी दादरला उतरून चैत्यभूमीच्या रांगेत लागतात. शिवाजी पार्कात झोपतात. परतताना पिशवीत बाबासाहेबांचा फोटो असतो, कॅलेंडर असतं, पुस्तक असतं. अंगठा लावणारी बाईसुद्धा नातवासाठी पुस्तक घेऊन येते.

त्याच शिवाजी पार्कापासून शिवाजी मंदिर नावाचं नाट्यगृह पायी पंधरा-वीस मिनिटांवर आहे. प्लाझा टॉकीजच्या समोर. १९६५ पासून उभं आहे. मराठी नाटकाचा मोठा बाजार तिथं भरतो. मी विचारतो, आपल्यापैकी किती माणसं त्या दारातून आत गेली? मुंबईला दहादा जाऊन आलेल्या माणसाला विचारून पाहा. तो राणीची बाग सांगेल, गेटवे सांगेल, समुद्र सांगेल, मंत्रालय बाहेरून पाह्यलं म्हणून सांगेल. आणि नाटक? "नाटक कायले पाह्यतं राजा! पोट भरते काय त्यानं?"

हा लेख त्या दाराबद्दल आहे. तिकीट का काढायचं, कोणत्या नाटकाचं काढायचं आणि कसं काढायचं. अत्याचार चालू आहेत, शिष्यवृत्त्या रखडतात, गायरानावरून माणसं हुसकली जातात, आणि हा तिकिटाचं काय घेऊन बसला, असं आपलेच काही कार्यकर्ते म्हणतील. म्हणू द्या. ज्या समाजाला पाणवठ्यावर, देवळात, शाळेत पिढ्यान्‌पिढ्या बाहेर उभं केलं, त्याला आत जाण्याचा कोणताच प्रश्न लहान नसतो.

आधी तिकिटाचीच गोष्ट सांगतो. मराठी नाटकाचा इतिहास लिहिणारे १८४३ पासून सुरू करतात. सांगलीच्या राजाच्या आश्रयानं विष्णुदास भाव्यांनी 'सीतास्वयंवर' केलं. दरबारचं नाटक. तिथं बोलावणं लागत होतं, आणि बोलावणं कोणाच्या घरी जात होतं हे सांगायला नको. दहा वर्षांनी, १८५३ साली, भाव्यांनी मुंबईत तिकीट लावून खेळ केले. तिकीट आलं आणि बोलावण्याच्या जागी पैसा आला. मी पैशाची आरती ओवाळत नाही. पैसा ही दुसरी भिंत आहे आणि ती कोणाच्या अंगावर पडते ते आपल्याला ठाऊक आहे. पण गावात मांडव पडला की सतरंजीवर कोण आणि मातीवर कोण, हे न बोलता ठरत आलं. तिकिटावर मात्र रांगेचं अक्षर आणि खुर्चीचा नंबर छापलेला असतो. एफ १२ म्हणजे एफ १२. तिथून तुम्हाला उठवायची कोणाची टाप नाही.

त्याच सुमारास, १८५५ साली, जोतीराव फुल्यांनी 'तृतीय रत्न' लिहिलं. कुणब्याच्या गरोदर बायकोला ग्रहांची भीती घालून लुबाडणारा जोशी त्यात उभा केला. नाटक दक्षिणा प्राइझ कमिटीकडे गेलं आणि कमिटीनं ते नाकारलं. ते छापून यायला १९७९ साल उजाडलं. १२४ वर्षं! दरबारच्या नाटकाची शताब्दी झाली, संमेलनं झाली, आणि जोतीरावांचं नाटक तोवर कागदातच पडून राहिलं. भरताच्या नाट्यशास्त्रात म्हणे असं सांगितलंय की शूद्रांना वेद ऐकायचा अधिकार नाही म्हणून सगळ्यांसाठी नाटक हा पाचवा वेद काढला. वा रे पाचवा वेद! शूद्रानं नाटक लिहिलं तर त्याला छापखाना मिळायला सव्वाशे वर्षं लागतात.

आपल्या माणसांनी मग वाट पाहिली नाही. ती मैदानात गेली. भीमराव कर्डकांसारख्यांनी आंबेडकरी जलसे काढले. कंदील लावून, चौकात उभं राहून गावोगाव बाबासाहेबांचा विचार पोचवला. १९४४ साली अण्णा भाऊ साठे, अमर शेख आणि द. ना. गवाणकर यांनी लाल बावटा कलापथक उभारलं. मिलिंद महाविद्यालयाच्या म. भि. चिटणीसांनी 'युगयात्रा' लिहिलं आणि १९५६ साली नागपूरला धम्मदीक्षेच्या वेळी ते लाखोंच्या समुदायापुढे झालं. मराठीतल्या कोणत्या कंपनीच्या, कोणत्या नटसम्राटाच्या नशिबी एका प्रयोगाला एवढा प्रेक्षक आला, ते मला दाखवा.

पण यातून एक वाईट सवय आपल्याला लागली. आपलं जे होतं ते मैदानातलं, आणि मैदानातलं ते फुकट. भिंतीच्या आत जे होतं ते त्यांचं, आणि त्याला तिकीट. हळूहळू आपल्या डोक्यात पक्कं बसलं की फुकटचं ते आपलं आणि तिकिटाचं ते त्यांचं. जलशाच्या काळात फुकट असणं ही लढाईची गरज होती. ऐकणाऱ्याच्या कनवटीला आणाही नव्हता. आज आपल्यात मास्तर आहेत, तलाठी आहेत, बँकेतले आहेत, पुण्यात संगणकावर बसणारी पोरं आहेत. तरी शाहीर गावात आला की त्याला आपण काय देतो? एक हार, एक नारळ आणि "जय भीम दादा, पुढच्या साली बी या." त्याच्या पोरांची फी कोण भरतो? डीजेला मात्र वर्गणी निघते. चौदा एप्रिलला एका रात्रीत भिंतीएवढे स्पीकर लावून हजारोंचा चुराडा होतो आणि दुसऱ्या दिवशी कानात दडे घेऊन आपण झोपतो. त्या पैशात एक अख्खं नाटक गावात आलं असतं.

तिकीट म्हणजे मत आहे, असं मी म्हणतो. पुस्तकाचंच बघा. दादरला सहा डिसेंबरला पुस्तकांचे एवढे स्टॉल का लागतात? प्रकाशकांना आपला पुळका आला म्हणून? आपण पैसे मोजून पुस्तक घेतो म्हणून. भाकर बांधून आलेला माणूस इथं पुस्तक विकत घेतो, हे बाजारानं पाहिलं. मग छापणारे वाढले, लिहिणारे वाढले, बाबासाहेबांचे ग्रंथ खेड्याच्या फळीवर आले. नाटकाच्या खिडकीवर आपण असं मत कधी टाकलंच नाही. मग तिथला निर्माता म्हणतो, "तुमच्या विषयाला प्रेक्षक नाही हो, बुकिंग होत नाही." त्याच्या तोंडावर मारायला आपल्याकडे तिकिटाचं अर्धुकही नाही.

आणि नाट्यगृह आपलं नाही असं म्हणणाऱ्यांनी परळचा दामोदर हॉल आठवावा. ९ मार्च १९२४ ला बाबासाहेबांनी सभा बोलावली ती तिथं. त्याच वर्षी २० जुलैला बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन झाली ती त्या सभेतून. गिरणगावच्या कामगारांनी त्याच दामोदरमध्ये नाटकं केली, रात्रपाळी करून तालमी केल्या. २०२३ च्या अखेरीला ते नाट्यगृह पुनर्विकासासाठी बंद झालं. नाटकवाले ओरडले. आपल्या पुढाऱ्यांपैकी कितीजण बोलले? आपली चळवळ जिथं उभी राहिली ती जागा रंगमंचाची होती, एवढंही आपण पोरांना सांगितलं नाही.

आता पोटाच्या प्रश्नावर येतो. मुंबईत व्यावसायिक नाटकाचं तिकीट आज साधारण तीनशे ते पाचशे रुपये पडतं. काहींचं त्याहून महाग असतं. पाचशेपर्यंतच्या तिकिटावर जीएसटी नाही. २०१८ च्या जानेवारीत सरकारनं ही मर्यादा अडीचशेवरून पाचशेवर नेली. पाचशे रुपये म्हणजे किती? २०२५-२६ चा सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ५,३२८ रुपये. त्या हिशेबानं एक तिकीट म्हणजे साडेनऊ किलोच्या आत-बाहेर सोयाबीन. तेही हमीभाव मिळाला तर. व्यापाऱ्यानं ओल आहे, डाग आहे म्हणून पाडून मागितला तर किलो वाढतील. त्याच सालात रोजगार हमीची मजुरी दिवसाला ३१२ रुपये होती. म्हणजे पाचशेच्या तिकिटाला दीड दिवसाचा घाम. हे मी लपवत नाही. ज्याच्या घरी औषधाला पैसा नाही त्यानं नाटकाला जावं असं मी म्हणणार नाही. पण शंभर घरांत शंभर माणसं तशी नसतात. ज्यांना परवडतं तेही जात नाहीत, माझं भांडण त्यांच्याशी आहे.

खेड्यातला माणूस नाटकाला पैसे मोजत नाही, हेही खोटं आहे. आपल्याच विदर्भात पूर्वेला चला. चंद्रपूर, गडचिरोली, भंडारा, गोंदिया. झाडीपट्टी. दिवाळी झाली की वडशाच्या कंपन्या गावोगाव मांडव टाकतात आणि धान कापून मोकळा झालेला शेतकरी-मजूर तिकीट काढून रात्रभर नाटक पाहतो. मुंबईच्या समीक्षकानं नाक मुरडलं तरी त्या कंपन्या चालतात. कोणाच्या जिवावर? खिडकीवर पैसे टाकणाऱ्या शेतकऱ्याच्या. वऱ्हाडात आपल्याकडे दंडार होती. ती आपण मरू दिली आणि तिच्या जागी टीव्ही आणून ठेवला.

दुसरा आक्षेप आमच्या एका म्हाताऱ्या कार्यकर्त्यानं घेतला. म्हणाला, "लेका, सहा डिसेंबर शोकाचा दिवस हाय. त्या दिवशी नाटक पाहाले जाशीन काय?" बुढ्याचं खरं आहे. सहाला नाहीच जायचं. त्या दिवशी रांग, अभिवादन, पुस्तक, बस. पण मुंबईला आपण काय सहा डिसेंबरलाच जातो? पोराच्या परीक्षेला जातो, टाटा हॉस्पिटलात पेशंट घेऊन जातो, मोर्चाला जातो, भावाकडे कल्याणला जातो. पुण्याला जातो, नागपूरला जातो. त्या फेरीत एक संध्याकाळ राखून ठेवायची. एवढंच मागणं आहे.

आता निवड. खरी लढाई इथं आहे. पेपरात नाटकाच्या जाहिरातींचं पान उघडलं की डोळे दिपतात. टीव्हीवरचे चेहरे, 'तुफान विनोदी', 'हाउसफुल्ल'. चेहऱ्यावर जाऊ नका. आधी लेखकाचं नाव वाचा, मग दिग्दर्शकाचं. मग विचारा, हे नाटक कोणाच्या घरात घडतं? बहुतेक वेळा एक दिवाणखाना असतो. मध्ये सोफा. डावीकडे किचन, उजवीकडे बेडरूम, मागे बाल्कनी. सोफ्यावर बसलेल्या माणसांची दुःखं सोफ्यावरून उठून आलेल्या माणसांसाठी. दुःख खोटं असतं असं मी म्हणत नाही. नवरा-बायकोचं भांडण आपल्या झोपडीतही आहे. पण महाराष्ट्र काय एका दिवाणखान्यात मावतो?

दुसरी खूण हसण्याची. नाटकात कोण बोलला की लोक हसतात ते बघा. पुष्कळदा तो नोकर असतो, गडी असतो, गावाकडून आलेला पाहुणा असतो. तो काय बोलतो हे ऐका. "कायले", "काहून", "मले", "तुले". म्हणजे आपल्या मायची बोली. तिच्यात काही विनोद नसतो, तरी लोक हसतात, कारण ती बोली सोफ्याजवळ उभी आहे. अशा नाटकाला एकदा जरूर जा आणि हसू नका. पाचशे माणसं हसत असताना दहा माणसं गप्प बसली की नटाला वरून कळतं.

माझ्या मावशीला मी एकदा असंच दिवाणखान्याचं नाटक दाखवलं. आयुष्यात पहिलं. तिसऱ्या घंटेपासून पडदा पडेपर्यंत ती हलली नाही. मध्यंतरात बटाटावडा खाल्ला तोही घाईनं, जागा जाईल म्हणून. बाहेर आल्यावर विचारलं, कसं वाटलं? म्हणाली, "नाटक बेस होतं. पन येवढ्या मोठ्या घरातले भांडे कोन घासे, ते काही दिसलं नाही बाप्पा."

मी आजवर नाटकांची पुष्कळ परीक्षणं वाचली. हा सवाल एकाही परीक्षणात वाचला नाही. मावशीची हयात भांडी घासण्यात गेली म्हणून तिला तो दिसला. आपण आत गेलं पाहिजे ते यासाठी. नटांना टाळ्या वाजवायला पुष्कळ लोक आहेत. हा सवाल विचारायला त्या खुर्च्यांत आपल्याशिवाय कोणी नाही. म्हणून तिकीट काढाल तेव्हा पहिलं तिकीट घरच्या बाईचं काढा. आपल्यातले पुरुष सभेला एकटे, मोर्चाला एकटे आणि नाटकालाही एकटे जातात, आणि घरी येऊन समतेवर बोलतात.

आपली नाटकं नाहीत काय? आहेत. विदर्भातल्याच प्रेमानंद गज्वींनी 'घोटभर पाणी' लिहिलं, 'किरवंत' लिहिलं, 'गांधी-आंबेडकर' लिहिलं. 'किरवंत' तर ब्राह्मणांतल्या अंत्यविधी करणाऱ्या ब्राह्मणाला ब्राह्मणच कसे बाहेर ठेवतात त्यावर आहे. डॉ. श्रीराम लागूंनी ते बसवलं. दलित लेखकानं फक्त स्वतःचं रडगाणं गावं, असं समजणाऱ्यांच्या थोबाडीत ते बसलं. हेच गज्वी २०१९ साली नागपूरच्या ९९ व्या नाट्यसंमेलनाचे अध्यक्ष झाले. दत्ता भगतांचं 'वाटा-पळवाटा' आहे. बाबासाहेबांच्या काळातला म्हातारा, शिकून प्राध्यापक झालेला त्याचा पुतण्या आणि चिडलेला तरुण, असे आपल्याच चळवळीचे तीन तुकडे त्यात एकमेकांशी भांडतात. ते पाहताना आपल्या वस्तीतली माणसं ओळखू येतात. २०१२ साली 'शिवाजी अंडरग्राउंड इन भीमनगर मोहल्ला' आलं. लेखक राजकुमार तांगडे हा जालना जिल्ह्यातला शेतकरी गडी, संकल्पना आणि गाणी संभाजी भगतांची, दिग्दर्शक नंदू माधव. यम शिवाजी महाराजांना न्यायला येतो आणि महाराजांचे विचार कोणाच्या डोक्यात बसतात ते शोधत फिरतो. खेड्यातल्या नटांनी ते मुंबईच्या रंगमंचावर वाजवून दाखवलं. त्याच २०१२ साली पुण्यात अतुल पेठ्यांनी गो. पु. देशपांड्यांचं जोतीरावांवरचं 'सत्यशोधक' बसवलं, ते पुणे महापालिकेच्या सफाई कामगारांना घेऊन. हातातला झाडू खाली ठेवून कामगार जोतीराव-सावित्रीबाईंची गोष्ट सांगायला उभे राहिले.

यातलं प्रत्येक नाटक रोज लागत नाही. लागलं तर धावत जा. लागत नसेल तर का लागत नाही हे विचारा, आणि त्या विचारण्याच्या मागे पन्नास तिकिटांचे पैसे उभे करा. नुसत्या निवेदनाला कोणी भीत नाही.

फक्त आपलीच नाटकं पाहा, असंही माझं म्हणणं नाही. १९८३ साली विजय तेंडुलकरांचं 'कन्यादान' आलं. समाजवादी ब्राह्मण घरातली मुलगी दलित कवीशी लग्न करते आणि तो तिला मारतो. आपल्यातले पुष्कळ जण भडकले. भडकायला कारण होतं. साऱ्या महाराष्ट्रात बायकोला मारणारा शोधताना लेखकाची नजर नेमकी त्या वस्तीवर का गेली? पण भडकलेल्यांपैकी किती जणांनी ते नाटक पाहिलं होतं? न पाहता शिव्या देणाऱ्याला समोरचा एका वाक्यात गप्प करतो. तिकीट काढून, शेवटपर्यंत बसून, वाक्य न्‌ वाक्य कानात घेऊन जो भांडतो त्याला गप्प करता येत नाही. आणि बाहेर येऊन आपल्याच एखाद्या कवीच्या बायकोला विचारायची हिंमतही पाहिजे, बाई, तुझ्या घरी काय चालतं?

आता कामाचं बोलू. नाटकं जास्त करून शनिवारी, रविवारी आणि सुट्टीच्या दिवशी असतात. तेव्हा जायची तारीख ठरवतानाच वार बघा. मुंबईच्या पेपरातलं जाहिरातीचं पान मोबाईलवर बघता येतं. बुकमायशोवर नाटक, नाट्यगृह, वेळ आणि रिकाम्या खुर्च्या दिसतात. वस्तीतल्या एका पोरानं हे काम अंगावर घ्यावं. नाट्यगृहाच्या खिडकीवरही प्रयोगाच्या आधी काही दिवस तिकिटं मिळतात. मुंबईतला आपला नातेवाईक असेल तर त्याला पाठवा. दहा-वीस माणसं असाल तर जाहिरातीतल्या नंबरावर व्यवस्थापकाला फोन करा आणि सरळ विचारा, एवढे जण येतो, काय सवलत देता? मागितल्याशिवाय मिळत नाही. दुपारच्या चारच्या सुमाराचा प्रयोग पकडा. रात्रीचा सुटायला अकरा-साडेअकरा होतात, मग पेशंटजवळ थांबलेल्याची, कल्याण-कर्जतला मुक्काम असलेल्याची पंचाईत. नाट्यगृहाचा पत्ता नीट बघा. दादरचं शिवाजी मंदिर, माटुंग्याचं यशवंत, प्रभादेवीचं रवींद्र, पार्ल्याचं दीनानाथ, ठाण्याचं गडकरी, बोरिवलीचं प्रबोधनकार ठाकरे. एकाच शहराची म्हणून समजाल, पण दादरहून बोरिवली म्हणजे लोकलचा तासभर.

खिडकीवर एक गोष्ट विसरू नका. एकदा आम्ही नऊ जण वर्गणी काढून एका नाट्यगृहाच्या खिडकीवर गेलो. अंगावर प्रवासाचे कपडे, पाठीला पिशव्या. आतल्या माणसानं पैशाकडे नंतर पाहिलं, आमच्याकडे आधी पाहिलं. म्हणाला, "मागचं देऊ का? स्वस्त पडेल." आमच्यातला एक, कॉलेजातला, म्हणाला, "प्लॅन दाखवा." प्लॅन म्हणजे खुर्च्यांचा नकाशा. विकलेल्या खुर्चीवर फुली असते. त्यानं नाइलाजानं कागद फिरवला. चौथ्या रांगेत सलग अकरा खुर्च्या मोकळ्या होत्या. आम्ही नऊ घेतल्या. पैसे जास्त गेले. पण त्या माणसाच्या डोक्यात आमची जागा मागे ठरलेली होती, ती त्यालाच पुढे लिहावी लागली. तेव्हा खिडकीवर गेलात की दबक्या आवाजात 'कोणतंबी द्या' म्हणू नका. प्लॅन दाखवा म्हणा. मागचं परवडत असेल तर मागचं घ्या, त्यात लाज नाही. पण मागे बसायचं की पुढे, ते आपण ठरवायचं.

ज्याला मुंबई झेपत नाही त्यानं जवळ बघावं. १९५४ पासून राज्य नाट्य स्पर्धा चालू आहे. हौशी नाटकांची प्राथमिक फेरी अमरावती, नागपूर अशा केंद्रांवर होते आणि तिकीट व्यावसायिक नाटकाच्या पासंगालाही पुरत नाही इतकं स्वस्त असतं. तिथं अर्ध्या खुर्च्या रिकाम्या पडतात. तिथं आपली पोरं नाटकं लिहितात, करतात, आणि समोर बसायला आपलेच लोक नसतात. अमरावतीला बाजाराला, कोर्टाला, विद्यापीठात जाणारा माणूस एक प्रयोग सहज बघू शकतो.

माझा प्रस्ताव असा आहे. आसेगाव आणि आसपासच्या गावांनी पुढच्या चौदा एप्रिलच्या वर्गणीतला दहावा हिस्सा नाटकासाठी बाजूला काढावा. त्यातून दरसाल दहा माणसं शहरात नाटकाला पाठवावीत, त्यांत निम्म्या बाया. परत आल्यावर त्यांनी बुद्धविहारात बसून सगळ्यांना सांगावं, काय पाहिलं, कोण हसलं, भांडी कोणी घासली. ते आम्ही या अंकात छापू, शब्द न बदलता, त्यांच्याच बोलीत. उरलेल्या पैशात एक आपलं नाटक गावात आणावं. आणि त्याला तिकीट लावावं. वीस रुपये लावा, दहा लावा, पण लावा. प्रयोग संपल्यावर नटाच्या हातात नारळ द्यायचा नाही, मानधनाचं पाकीट द्यायचं, आणि किती पैसे दिले ते सगळ्यांपुढे वाचून दाखवायचं.

ज्या गावांना हे मान्य आहे त्यांनी वर्गणीच्या बैठकीतच ठराव करून आम्हाला कळवावं. ज्यांना मान्य नाही त्यांनी का नाही ते लिहून पाठवावं. तेही छापू.

जय भीम.